तिसऱ्या कडव्याचा धनी

सुमिएच्या डोक्यावर रेशमाचा गठ्ठा होता, हातात सापासाठी काठी होती आणि खिंडीत इतकं धुकं होतं, की काठीचं टोकही तिला दिसत नव्हतं. तेवढ्यात समोरून कोणीतरी गाऊ लागलं.

पुरुषाचा आवाज होता. मोकळा, तरुण, वरच्या सुरात जाताना किंचित कापणारा.

“धुक्या, जरा बाजूला हो... पलीकडे कोण आहे ते बघू दे.”

जपानच्या दक्षिणेकडल्या अमामी बेटावर गाणं एकट्याचं कधीच नसतं. पुरुषानं कडवं टाकायचं, बाईनं ते परतवायचं. सुमिए दिवसभर माग चालवायची आणि संध्याकाळी उशिमेमावशीकडे गाणं शिकायची. असं आयतं कडवं ती सोडणार थोडीच!

“धुक्याला कशाला दोष देतोस? बघायचंय त्यानं दोन पावलं चालावं...”

पलीकडे कोणी हसल्यासारखं वाटलं. मग पावलं लांब गेली. सुमिए गालातल्या गालात हसत खिंड उतरली. चिखलात रेशीम रंगवणाऱ्या कानेमोरीबाबांकडे तिनं गठ्ठा टाकला आणि परत आली.

पाच दिवसांनी पुन्हा धुकं, पुन्हा तोच आवाज. “दोन पावलं आलो, तर तू पळून जाशील...” तिनं परतवलं, “डोक्यावर एवढं ओझं घेऊन कोण पळेल?” त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही. आवाजाला चेहरा असेल तर कसा असेल, एवढाच विचार डोक्यात. वेडीच झाली होती पोरगी.

मावशीनं एक गोष्ट तिला लहानपणीच बजावली होती. चेहरा न बघता कोणाचं कडवं परतवू नये. पहिलं परतवलं तर रीत, दुसरं परतवलं तर गंमत, पण तिसरं परतवलं तर ते वचन. सुमिएला हे पाठ होतं. प्रेमात पडलेल्या माणसाला पाठ असलेल्या गोष्टीही ऐन वेळी आठवत नाहीत, त्याला ती तरी काय करणार?

तिसऱ्या खेपेला धुकं नव्हतं. भर दुपार होती, ऊन होतं, खिंडीत चिटपाखरू नव्हतं. आणि आवाज अगदी कानाशी आला.

“मी तर कधीचाच तुझ्या शेजारी उभा आहे...”

सुमिएनं वळूनही बघितलं नाही. तोंडातून निघून गेलं, “शेजारी आहेस, तर हात दे.”

मनगटाला गार लागलं. विहिरीत हात घातल्यासारखं गार. तिनं झटकन वळून पाहिलं. ऊन होतं, दगड होते, वडाच्या पारंब्या होत्या. माणूस नव्हता.

ती कशीबशी खिंड उतरली. कानेमोरीबाबांच्या अंगणात गुडघाभर चिखलात एक तरुण उभा होता, नखांपर्यंत काळे झालेले हात घेऊन. तिनं धापा टाकत पाणी मागितलं आणि तिचा आवाज ऐकून त्याच्या हातातलं रेशीम खाली पडलं.

“तू... खिंडीतली?” तो म्हणाला. “म्हणजे तू माणूस आहेस?”

“तुम्हाला काय वाटलं?”

“भूत. आजी म्हणायची, खिंडीतल्या आवाजाला उत्तर देऊ नकोस. दोनदा गाऊन बसलो आणि मग भीतीनं त्या वाटेला फिरकलो नाही.” तो लाजला. “आवाज मात्र डोक्यातून जात नव्हता.”

सुमिएला हसू फुटलं... आणि अर्ध्यातच विरलं. “दोनदा? आज नाही गायलात?”

तो तोमेओ, कानेमोरीबाबांचा मुलगा, नुकताच समुद्रापलीकडच्या कागोशिमा शहरातून परतलेला. सकाळपासून तो चिखलातून हललाच नव्हता, असं बाबांनीही सांगितलं. सुमिएनं मनगट पदराआड घ्यावं तसं किमोनोच्या बाहीत लपवलं आणि पाणी पिऊन टाकलं.

पुढे जे व्हायचं ते झालं. रेशमाचे गठ्ठे नको तितके वाढले. तोमेओ सानशिनच्या तीन तारा छेडायचा, ती गायची आणि त्याच्या काळ्या नखांकडे बघत राहायची. पण एक गोष्ट दोघांनाही छळत होती. कुठलंही गाणं असो, तिसऱ्या कडव्याला सुमिएचा गळा बंद व्हायचा. दुखत नसे, खोकला नसे, नुसता आवाज नाही. आणि मनगट गार. लग्न ठरलं तेव्हा ती रडलीच. वचन एकाला देऊन दुसऱ्याच्या घरात कशी जाऊ, म्हणाली.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. “दिलंय ते परत मिळत नाही, पोरी,” ती म्हणाली. “पण किती दिलंस, ते तरी त्याला विचारून ये. तोंडानं नको विचारू. गाऊन विचार.”

दोघं सकाळी खिंडीत गेले. तोमेओनं सानशिन सुरात लावलं. सुमिए पारंब्यांकडे तोंड करून उभी राहिली. पहिलं कडवं तिनं आभाराचं गायलं, दुसरं क्षमेचं. तिसऱ्याला गळा मिटू लागला तशी ती जीव एकवटून कुजबुजली, “तिसरं कडवं तुझं. मरेपर्यंत ते कोणासमोर गाणार नाही... बाकीची मी माझी आहे. मला जाऊ दे.”

वारा थांबला. मग तिच्या मनगटावरचा गारवा हळूहळू, एकेक बोट उचलावं तसा सुटत गेला.

पुढे सुमिएचं नाव झालं. बेटाबेटांवर, मग कागोशिमाला, मग त्याहून लांब. तिच्या तबकड्या निघाल्या. दुसऱ्या कडव्यानंतर ती कडवंभर गप्प उभी राहते आणि एकदम चौथं उचलते. ही तिची खास शैली, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. तोमेओही त्या वेळी तारांवर हात ठेवून गप्प बसायचा. बारा वर्षं तो असाच बसला.

एकदा एका मोठ्या सभागृहात, पडद्यामागे, त्यानं विचारलंच. “त्या वेळी तू डोळे मिटतेस. तुला काय ऐकू येतं?”

सुमिए त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. “तो गातो.”

“चांगलं गातो?”

“...तुझ्यापेक्षा चांगलं.”

तोमेओनं मान खाली घातली. मत्सर वाटला त्याला, का नाही वाटणार? बारा वर्षं त्याची बायको रोज कडवंभर दुसऱ्याची होत होती. त्यानं तिचं मनगट हातात घेतलं, चोळलं, बराच वेळ धरून ठेवलं. मग सानशिन मांडीवर ओढलं आणि खुंटीला हात घातला.

“कुठल्या सुरात गातो सांग,” तो म्हणाला. “बिचाऱ्याला इतकी वर्षं कोणी साथच दिली नाही.”