मनकीबाईची लिपी

पुण्यातल्या अक्षर-संशोधन प्रयोगशाळेत डॉ. रफिक मुजावर यांनी एक पाटी डॉ. ऊर्मिला वझे यांच्यापुढे सरकवली. मोबाइलपेक्षा जरा मोठी, उन्हावर चार्ज होणारी, वरच्या कडेला दोन बारीक भिंगं.

"ही भिंगं वाचणाऱ्याची नजर टिपतात," रफिक म्हणाले. "नजर ज्या अक्षरावर अडखळते, त्याचा आकार पाटी किंचित बदलते आणि पुन्हा दाखवते. घ आणि ध यांत गोंधळ होत असेल, तर दोन्ही एकमेकांपासून दूर नेते. जे चटकन ओळखलं जातं, त्याच्या रेघा कमी करते, म्हणजे डोळ्याचे कष्ट वाचतात. मी याला नजरलिपी म्हणतो."

"म्हणजे माणसाने अक्षराकडे जायचं नाही. अक्षरच माणसाकडे येणार."

"अगदी तसंच. आणि प्रत्येकाच्या बदलांची नोंद, त्याचा अक्षरनकाशा, फक्त त्याच्याच पाटीत राहील. माणसाची नजर ही त्याची खाजगी गोष्ट आहे. आपण प्रत ठेवायची नाही."

ऊर्मिला वीस वर्षं गावोगावच्या वाचनालयांत प्रौढांचे वर्ग चालवत होत्या. चाळिशीच्या बायका तिसऱ्या आठवड्यात खडू खाली ठेवतात आणि परत येत नाहीत, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "किती दिवसांत वाचायला लागतील?"

"चार महिन्यांत."

दुसरा प्रश्न त्यांना सुचला नाही.

मेळघाटातल्या बोरदाखेडा गावच्या वाचनालयात चाळीस पाट्या गेल्या. दोन खोल्या, तीन कपाटं आणि शालिकराम बेठेकर नावाचे ग्रंथपाल. पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे मनकीबाई कासदेकर आली. वय सत्तेचाळीस. तिची एकुलती एक मुलगी सुमरती नर्सिंग शिकली, नाशिकला नोकरीला लागली आणि आईला न विचारता तिथेच लग्न करून मोकळी झाली. त्यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. "पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नको," असं मनकीबाई बोलून बसली. त्याला तीन वर्षं झाली. मुलीने पाय ठेवला नव्हता.

"मले लिहायले शिकवा, शालिकभाऊ," ती म्हणाली. "फोनवर बोलायले गेली का मी भांडतो. लिहिताना नाही भांडणार."

चार महिने लागले नाहीत. अडीच महिन्यांत ती पाटीवरच्या गोष्टी घडाघडा वाचू लागली. तिच्या सांगण्यावरून शालिकरामांनी पाटीत मुलीचं नावही घातलं होतं; ते ती रोज वाचायची. पाटीवरची अक्षरं बोटाने गिरवता गिरवता कागदावर लिहू लागली. आकडे तेवढे ती शालिकरामांकडून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर शिकली. एक दिवस तिने बंद पाकीट आणून दिलं. शालिकरामांनी त्यावर नाशिकचा पत्ता घातला आणि ते टपालात टाकलं. त्यानंतर रोज दुपारी ती वाचनालयाच्या पायरीशी येऊन विचारायची, "आलं का काही?"

काहीच आलं नाही.

वर्ष संपताना गावात कौतुकसोहळा झाला. सगळ्यांत वेगाने वाचणारी म्हणून मनकीबाईला पुढे बोलावलं. ऊर्मिला पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी तिच्या हातात छापील गोष्टींचं नवंकोरं पुस्तक दिलं आणि म्हणाल्या, "पहिलं पान वाचून दाखवा सगळ्यांना."

मनकीबाईने पुस्तक उघडलं. पान उलटलं. मग पुन्हा पहिल्या पानावर आली. गर्दीतलं कुणीतरी हसलं.

"म्याडम," ती हळूच म्हणाली, "हे कोणत्या भाषेतलं हाय?"

पुस्तक मराठीच होतं.

त्याच संध्याकाळी ऊर्मिलांनी तिची पाटी उघडली. पडद्यावर हुकासारख्या वळलेल्या आकड्या, गाठी आणि ठिपके होते. शेजारणीची पाटी उघडली, तिच्यावर वेगळ्याच आकड्या. चाळीस पाट्या, चाळीस लिप्या.

"यंत्राने नेमकं सांगितलं तेवढंच केलं," प्रयोगशाळेत परतल्यावर रफिक म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "आपण त्याला वाचणं सोपं करायला सांगितलं. दुसऱ्याला वाचता आलं पाहिजे, हे सांगितलंच नाही. अक्षर रोज थोडं थोडं सरकत गेलं. आणि ओळखीचे शब्द तर झिजत गेले, ऊर्मिला. शब्द जितका सवयीचा, तितक्या त्याच्या रेघा कमी."

"पण एका लिपीतून दुसरीत उलगडता येईलच ना?"

"नकाशा असेल तर येईल. तो नसेल तर नाही. कालचं अक्षर आज तसंच राहिलेलं नाही, आणि निम्मी अक्षरं गळून गेलीत. त्यांच्या जागा त्या बाईची स्मरणशक्ती भरून काढते. ती वाचतेय, खरंच वाचतेय. पण तिचं वाचू शकणारी जगात ती एकटी आहे."

ऊर्मिलांना रात्रंदिवस ती गर्दीतली हसण्याची फस्सकन आलेली लकेर ऐकू येत होती. सगळ्या पाट्या ताबडतोब मूळ लिपीवर आणायच्या, असं त्यांनी ठरवलं.

"सावकाश करू," रफिक म्हणाले. "आली तशी पावलापावलाने परत नेऊ. वर्ष लागेल."

"आणखी वर्षभर त्यांना फसवायचं?"

"मग नकाशे पुसावे लागतील. ते राहिले तर पाटी पुन्हा तिकडेच घसरेल."

"पुसा," ऊर्मिला म्हणाल्या.

आठ दिवसांत पाट्या दुरुस्त झाल्या. ऊर्मिला स्वतः बोरदाखेड्याला गेल्या. बायका आपापल्या पाट्या हातात धरून बसल्या होत्या.

"माझी अक्षरं कुठं गेली?" मनकीबाईने विचारलं.

"ती खरी नव्हती, मनकीबाई. आता आपण खरी शिकू."

"मग मी वाचत होती ते खोटं होतं काय?"

मनकीबाईने पाटी पदराने पुसली, टेबलावर ठेवली आणि ती निघून गेली. चाळीसपैकी नऊ जणी वर्गाला परत आल्या. त्यांत ती नव्हती. शालिकरामांकडून तिने तेवढी एक दोनशे पानी वही मागून नेली होती.

पावसाळ्यात तिला ताप आला. नाला भरून वाहत होता, त्यामुळे दवाखान्याची गाडी गावात येईपर्यंत पाच दिवस गेले. तोवर उशीर झाला होता.

दिवाळीनंतर एका सकाळी सुमरती प्रयोगशाळेत आली. तिने पिशवीतून वही काढली आणि टेबलावर ठेवली.

"शालिकभाऊंनी तुमचं नाव सांगितलं. आईने काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा." मग ती म्हणाली, "मला एकदा पाकीट आलं होतं, मॅडम. आत नुसत्या आकड्या होत्या. मला वाटलं, कुण्या पोराने गिरगटलंय. मी टाकून दिलं."

ऊर्मिलांनी वही उघडली. प्रत्येक पानावर वर तारीख होती. ती वाचता येत होती. तिच्याखाली, एका ओळीत एकटा, एक ठिपका. मग दाट मजकूर, आकड्या आणि गाठी, आणि त्यांच्यातही अधूनमधून तोच ठिपका. त्यांनी रफिकना हाक मारली. रफिकनी बरीच पानं उलटली.

"पत्रं आहेत ही," ते म्हणाले.

"पत्रं?"

"तारखेच्या खाली, ओळीत एकटं काय लिहितात?"

"नाव," सुमरती म्हणाली. "ज्याला लिहायचं त्याचं."

"ज्या शब्दावर नजर जराही थांबत नाही, तो सगळ्यांत जास्त झिजतो. या वहीत यापेक्षा लहान खूण नाही. हे तुमचं नाव आहे, ताई."

सुमरती त्या ठिपक्याकडे बघत राहिली. "भांडून गेले होते मी," ती म्हणाली. "तिने माझं नाव टाकलं असेल, असंच मला वाटायचं." तिने डोळे पुसले. "आणि बाकीचं? काय लिहिलंय मला?"

रफिकनी ऊर्मिलांकडे पाहिलं. उत्तर रफिकवर ढकलून चालणार नव्हतं, हे ऊर्मिलांना कळलं.

"ते वाचता येणार नाही, सुमरती. जगात कुणालाच नाही. त्याची नोंद तिच्या पाटीत होती आणि ती मी पुसायला लावली. मला वाटलं, मी तुमच्या आईवरचा अन्याय दूर करतेय."

"म्हणजे तुमच्याकडे काहीच नाही?"

"नाही."

सुमरती रागावेल, ओरडेल असं ऊर्मिलांना वाटलं. त्यांना ते हवंही होतं. पण ती वहीची पानं उलटत शेवटाकडे गेली. शेवटच्या पानावर तापाच्या दिवसांतली तारीख होती. खाली एकही आकडी नव्हती, एकही गाठ नव्हती. फक्त ठिपके होते, वाकड्यातिकड्या ओळींनी पार तळापर्यंत.

"शालिकभाऊ म्हणाले, शेवटी हातात बळ नव्हतं, पेन नुसतं टेकवत होती. या पानाला अर्थ नाही म्हणाले."

सुमरतीने वही जवळ ओढली, पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि नुकतंच वाचायला शिकलेल्या माणसासारखं ती मोठ्याने वाचू लागली.

"सुमरती," ती म्हणाली. बोट पुढे सरकलं. "सुमरती. सुमरती. सुमरती."

पान बरंच मोठं होतं. तिने एकही ओळ गाळली नाही.