उशीवरचं शून्य

घरावरून उच्चदाबाच्या तारा गेल्या की लोकांच्या जिवाला घोर लागतो आणि ते मला बोलावतात. मी मीटर घेऊन जातो, तारांभोवतीचं चुंबकीय क्षेत्र मोजतो आणि बहुधा "उगाच घाबरू नका" असं सांगून परत येतो. माझं पोट त्यांच्या भीतीवर चालतं, हे मला ठाऊक आहे.

अशाच एका घरातल्या बाईंची लहान मुलगी, चिमी, झोपत नव्हती. तारांची गुणगुण ऐकू येते म्हणायची. अंगणात ती मलाही ऐकू आली.

"खरं काय ते सांगा, दादा. पोरीला काही झालं तर?" बाई म्हणाल्या.

अंगणातला आकडा मर्यादेच्या कितीतरी खाली होता. फ्रिजजवळ थोडा वाढला. सगळं नेहमीचंच. शेवटचं मोजमाप मी कायम उशीवर घेतो, कारण माणसाचं डोकं तिथेच सगळ्यात जास्त वेळ असतं. चिमीच्या उशीवर शून्य आलं.

"बघा ताई! अख्ख्या घरात हीच खोली सुरक्षित," मी थाटात सांगितलं. बाईंचे डोळे भरून आले.

चिमी दारातच उभी होती. "मला नको तिथे," ती म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

परतताना मात्र डोक्यात प्रकाश पडला. तारांखालच्या घरात शून्य येईलच कसं? रस्त्यावरच्या विजेच्या डब्याला मीटर लावून पाहिला. आकडा टुणकन वर गेला. मीटर ठणठणीत होता. मला वाटलं, परत जावं. पण चुकलो म्हणायची लाज वाटली, आणि गेलो नाही.

आठवडाभराने राहवेना. भर दुपारी दार वाजवलं.

"तुम्ही सांगितल्यापासून आम्ही सगळेच त्या खोलीत झोपतो," बाई संथपणे म्हणाल्या. "काय झोप लागते!"

"आणि चिमी?"

"ती तर उठतच नाही."

फ्रिज चालू होता. त्याच्याजवळ मीटरवर शून्य.

चिमी पलंगावर होती. श्वास चालू, डोळे उघडे. शेजारी तिची आजी, तशीच.

"ताई, हिला बाहेर काढू या!"

"कशाला? तुम्हीच म्हणालात ना, सुरक्षित."

मी भयंकर घाबरलो. पोरीला उचलून अंगणात धावलो आणि तारांच्या बरोबर खाली थांबलो. मीटरचा आकडा चढला. मग मीटर तिच्या कपाळाशी नेला. शून्य.

चिमीने माझ्या कानाशी तोंड आणलं.

"काका, आता ती गुणगुण तुम्हाला पण नाही ना ऐकू येत?"

मी वर पाहिलं. तारा होत्या. मी कान देऊन ऐकत राहिलो.