पीसी की कन्सोल, आणि लेट झालेली बस

तिने मागे पाऊल टाकलं आणि खालून कोणीतरी "आई गं!" म्हणून ओरडलं.

कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरखाली पालथा पडून वायर ओढणाऱ्या तरुणाची दोन बोटं तिच्या सँडलखाली सापडली होती.

"सॉरी, सॉरी! दिसलाच नाहीत तुम्ही."

"चष्मा लावा," तो बोटांवर फुंकर घालत म्हणाला.

"मी चष्म्याच्या दुकानातच असते. लोकांचे डोळे तपासते."

"मग लोकांचं कठीणच आहे."

तिला हसू आवरेना. तोही हसला... पापण्यांवर धूळ होती त्याच्या.

तिला बाबांसाठी गेम खेळायचं यंत्र हवं होतं. बाबांनी तीस वर्षं बस चालवली होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी गाडी बंद केली, तेव्हापासून ते घरात नुसते येरझाऱ्या घालत होते. बस चालवायचा एक गेम निघालाय, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं.

"कन्सोल द्या," ती म्हणाली. "टीव्हीला जोडला की मोकळी."

तो कॉम्प्युटर जुळवून देणारा माणूस. त्याने कपाळाला हात लावला.

"घेताना स्वस्त, कबूल. पण पुढे? एकेक गेम महाग. ऑनलाइन खेळायचं तर दरवर्षी वर्गणी. पीसी घेताना खिसा रडतो, पण नंतर सेलमध्ये गेम चहाच्या भावात मिळतात. पाच वर्षांचा विचार केला तर—"

"पाच वर्षांत बाबा एकच बस चालवणार आहेत."

"...पुढे विमान चालवावंसं वाटलं तर?"

एवढ्या कळकळीने बोलणारा माणूस तिने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. बरं, पीसीच बघू, पुढच्या शनिवारी येते, म्हणाली.

पुढच्या शनिवारी ग्राफिक्स कार्ड महाग होतं. "थांबा, उतरेल." त्याच्या पुढच्या शनिवारी कार्ड उतरलं, पण सगळं आत बसवायला हवं ते कॅबिनेट नव्हतं. तिसऱ्या शनिवारी त्याने आतले पंखे फिरवून दाखवले. वाऱ्याने तिची बट उडाली आणि तो पंख्याचा भाव सांगायचाच विसरला. हल्ली ती निळा ड्रेस शुक्रवारीच इस्त्री करून ठेवायची. किमती उतरल्या नाहीत की तिला चक्क बरं वाटायचं!

मंगळवारी ती कामावरून लवकर घरी आली, तर बाबा सोफ्यावर कुकरचं झाकण हातात धरून, डोळे मिटून, हळूच डावीकडे वळत होते. तिला पाहून ओशाळले. "नाही... सहज."

ती तशीच चपला घालून दुकानात गेली.

"आज घेऊनच जाणार. बाबा घरात स्टिअरिंग म्हणून कुकरचं झाकण फिरवतायत!"

त्याचा चेहरा उतरला. स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून तो म्हणाला, "कन्सोल घ्या."

"काय?"

"टीव्ही घरात आहे, गेम एकच हवाय. पीसीच्या निम्म्याहून कमी पैशांत काम होईल. मला... पहिल्याच दिवशी माहीत होतं."

"मग तीन आठवडे माझं डोकं का खाल्लंत?"

"कन्सोल नेलेलं गिऱ्हाईक सहा-सात वर्षं फिरकत नाही हो." त्याचे कान लाल झाले. "पीसीवाल्याला सारखं काहीतरी लागतं. आज रॅम, उद्या पंखा... म्हटलं, तुम्ही येत राहाल."

तिला राग आला होता. खूप आला होता. फक्त तो चेहऱ्यावर टिकत नव्हता.

"हे बाबांना सांगायचं. समोर बसून."

तो कन्सोलचा खोका उचलून तिच्या मागोमाग घरी आला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझी बस तीन आठवडे लेट केलीस तू."

"हो काका. चुकलंच माझं."

"कारण?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहू लागली. बाबांनी दोघांकडेही पाहिलं.

"बरं. जोड आता."

टीव्हीवर बस सुरू झाली. बाबा ताठ बसले. आरसे पाहिले, हॉर्न दिला, पहिलं वळण असं अलगद घेतलं की तिचे डोळे भरून आले. ती आणि तो मागच्या खुर्च्यांवर होते.

"मला पंखा नकोय," ती कुजबुजली. "रॅमही नको."

"माहीत आहे," तो पडेल आवाजात म्हणाला.

"तरी मला दुकानात यावंसं वाटलं तर... चालेल?"

तो खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. उत्तर द्यायचं सोडून त्याने घाईघाईने पुढे वाकून विचारलं, "काका, तुमची हरकत नसेल तर मी—"

बाबांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"बस चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये," ते म्हणाले. "तिला उत्तर दे."