ढगवाल्या सरांची नजर

दारावरचा लाल दिवा लागलेला असताना आत यायचं नाही, हे विद्यापीठात शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला नव्हतं. खडू शोधत तो सरळ रेकॉर्डिंगच्या खोलीत शिरला आणि इतिहासाच्या बाईंचं ऐन रंगात आलेलं व्याख्यान तिथंच तुटलं. चित्रण करणारी ती कॅमेऱ्यामागून तणतणत पुढे आली. पण त्याचा गोरामोरा झालेला चेहरा पाहून तिला धड रागावताही येईना.

"दिवा दिसला नाही?"

"दिसला... पण मला वाटलं, शोभेचा आहे."

आठवडाभरानं तोच माणूस त्याच खोलीत, कॅमेऱ्यासमोर उभा होता. विद्यापीठानं आपले अभ्यासक्रम सगळ्यांसाठी इंटरनेटवर खुले करायला घेतले होते. प्रवेश नाही, फी नाही. ज्याला वाटेल त्यानं घरबसल्या शिकावं. त्याच्या वाट्याला आला होता विषय – ढग. वर्गात मुलांना खिळवून ठेवणारा हा गडी लेन्ससमोर मात्र पार आखडला. पहिल्या वाक्यालाच त्याची जीभ टाळ्याला चिकटली.

"कॅमेरा विसरा," ती शेवटी म्हणाली. "माझ्याकडे बघून बोला. मला ढगांतलं काही म्हणजे काही कळत नाही."

त्यानं तिच्याकडे पाहिलं... आणि बोलू लागला. उंच, विरळ, पिंजलेले ढग. खाली ओथंबून आलेले ढग. संध्याकाळी उगाच रेंगाळणारे ढग. तो बोलत राहिला आणि त्या बिनखिडकीच्या खोलीत आभाळ उतरत राहिलं. तिचं भान हरपलं.

व्हिडिओ कापायला-जोडायला बसल्यावर तिच्या लक्षात आलं. पडद्यावर तो लेन्सकडे बघतच नव्हता. नजर जराशी बाजूला – बरोब्बर ती उभी असायची तिथं! या कामात एवढी मुरलेली ती. कॅमेरा हातभर सरकवला असता की काम झालं असतं. पण उद्या सरकवू, उद्या सरकवू म्हणता म्हणता ते राहूनच गेलं.

ढगांचा अभ्यासक्रम लोकांनी उचलून धरला. कुणी आता आभाळ बघून कपडे वाळत घालत होतं, कुणी बाळाला थोपटता थोपटता धडे ऐकत होतं. व्हिडिओंखाली कौतुकाच्या ओळी वाढत गेल्या, आणि त्यांतच एकानं विचारलं, 'सर शिकवतात छान, पण बघतात कुणाकडे?' झालं! मग ज्याला त्याला तोच प्रश्न पडला. घरी तिच्या मावशीनंही एकूण एक धडा मन लावून पाहिला होता.

"पोरगा हुशार आहे गं," मावशी म्हणाली, "पण त्या बाजूला कोण उभं असतं?"

तिला ठसकाच लागला.

विभागप्रमुख बाईंनी तिला बोलावून घेतलं. शिकणाऱ्याला वाटलं पाहिजे की सर आपल्याशी बोलताहेत. निदान शेवटचा धडा तरी नीट घ्या, असं त्या म्हणाल्या. शेवटचा! त्यानंतर त्याला या खोलीत यायचं काही कारण उरणार नव्हतं. आणि तो आपल्याकडे बघतो ते आपण सांगितलं म्हणून, की... हे तिला अजून कळलेलं नव्हतं.

"आज लेन्समध्येच बघा," ती कशीबशी म्हणाली.

"आणि तुम्ही?"

"मी आहेच इथं. पण माझ्याकडे नका बघू."

त्यानं मान डोलावली. धडा धुक्याचा होता. धुकं म्हणजे जमिनीवर आलेला ढगच, तो सांगत होता. आपण त्याच्या आत असतो, म्हणून तो ढग वाटत नाही. नजर एकदाही ढळली नाही. तिनं खूश व्हायला हवं होतं, पण ती हिरमुसली. सांगितलं म्हणून बघत होता, सांगितलं म्हणून थांबला... एवढंच होतं तर.

"जमलं का?" कॅमेरा बंद झाल्यावर त्यानं विचारलं.

"अगदी छान," वायर गुंडाळत ती फुरंगटून म्हणाली. "मग इतके दिवस का नाही जमलं?"

"इतके दिवस जमवायचंच नव्हतं."

वायर तिच्या हातातच राहिली.

"आज मनात आलं," तो अडखळत म्हणाला, "हे कापायला-जोडायला तुम्हीच बसणार. म्हणजे लेन्समध्ये बघितलं की... तुमच्याच डोळ्यांत बघणं झालं."

"आणि बाकीचे हजारो लोक? त्यांनाही वाटेल, सर आपल्याकडेच बघताहेत."

"वाटू दे की. त्यांना ढग शिकवलेत." तो थांबला. "तुमच्यावर जीव जडलाय माझा."

कुणी कुठं बघायचं हे रोज सांगणारी ती. आता आपण कुठं बघावं हेच तिला कळेना. मग तिनं हळूच मान वर केली.

"पहिल्या दिवसापासून दिसत होतं मला," ती म्हणाली, "तू कुठं बघतोस ते. कॅमेरा सरकवायचं जिवावर आलं."

तुम्हीचा तू झालाय, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पाहून कळलं.