मेंढरं भुयाराशी का अडली?

"ढकल की गं शालू! मागून ढकल!"

"ढकलूनच राह्यले ना! हालंल तर शप्पथ!"

मेंढरं ताडपत्रीच्या तोंडाशी थटली ती थटलीच. छकुलीनं कपाळावर हात मारला. रस्त्याचे साहेब आता येणारच!

केदारखेड्याजवळच्या फाट्यावर मोठा रस्ता व्हायचा होता. तिथल्या चौकाचे नकाशे दोन. दोन्हीत जनावरांसाठी रस्त्याखालून भुयार. एकात सरळ, दुसऱ्यात मधेच वळण. साहेबांना वळणाचं पसंत पडलं होतं आणि आज तेच पक्कं करायला ते फाट्यावर येणार होते. "पण मेंढरं जातील का त्याच्यातून?" छकुलीनं विचारलं, तर साहेब नुसते हसले. तिचा आजा म्हस्कूआबा म्हणाला, "काठी हाणली की कुठंबी जातेत!"

म्हणजे बघितलं कुणीच नव्हतं! मग काय, दिवाळीची सुट्टी होतीच. पोरांनी फाट्यालगतच्या शालूच्या रिकाम्या रानात बांबू रोवले, वर ताडपत्र्या टाकल्या आणि नकाशातल्यासारखं वाकडं भुयार उभं केलं. अन् मेंढरं अडली! उद्या खालून गेली नाहीत, तर भरधाव गाड्यांमधून वरून जाणार.

"आतमधी साप आसंल," तिचा भाऊ करण म्हणाला.

"मंग जा, पाहून ये!"

"मी? मी हितं राखण करतो ना!"

छकुलीच रांगत आत शिरली. समोर काळीकुट्ट भिंत! वळणावर पोचली, तसा पलीकडचा उजेड डोळ्यांत घुसला. मागं सरकली, अंधार. पुढं, उजेड!

"आत काय फुगडी खेळून राह्यली का?" शालू ओरडली.

"अगं, मेंढराला पलीकडचं दिसतच न्हाई! त्याला वाटतं, पुढं भिंत हाय!"

तेवढ्यात जीप आली. साहेब उतरले. मेंढरांसोबत आलेल्या आबानं ऐटीत काठी उगारली, "हुर्र!" मेंढरं गर्रकन उलटी फिरली अन् थेट साहेबांच्या अंगावर! साहेब जीपच्या बोनेटवर!

"आता बघा साहेब!" छकुली म्हणाली. पोरांनी बांबू उपटले, भुयार सरळ केलं. म्होरक्या एडक्यानं मान वाकवून पलीकडचा उजेड न्याहाळला आणि घुसला की आत! त्याच्यामागं सगळा कळप!

साहेब बोनेटवरून उतरले. "सरळ भुयाराचाच नकाशा पुढं पाठवतो. पोरी, हे आम्ही आधी करायला पाहिजे होतं. शाब्बास!"

आबानं काठी खाली ठेवली. "जलम गेला मेंढरामागं," तो म्हणाला, "पण त्यायच्या डोळ्यानं कधी पाह्यलंच न्हाई. पोरीनं पाह्यलं!"

आणि पटका सावरत आबा स्वतःच रांगत भुयारात शिरला!