चवळीखाऊ आणि वाऱ्याविरुद्धची आग

भर दुपारी रानात आग कोण लावतं? एक तर वेडा, नाही तर शहरातला.

तेनिन काटक्यांची मोळी डोक्यावर घेऊन पायवाटेनं येत होती, आणि समोरच्या धुरातून एक उंच तरुण खोकत, ठेचकाळत धावत येत होता. पाठीवर डबा, हातात लांब काठी, काठीला नळी... आणि त्याच्या मागे उंच गवतातून सुसाट सुटलेली आग! ती निघाली होती थेट वाटेवर उभ्या असलेल्या निळ्या मोटारसायकलकडे.

"गाडी कुणाची?" तेनिन ओरडली.

"माझी! म्हणजे — कचेरीची!"

"मग बघत काय उभे राहिलात? फांदी तोडा!"

मोळी टाकून तिनं हिरवी फांदी ओरबाडली आणि दोघांनी मिळून आगीला झोडपून काढलं. गाडी वाचली, सीटची एक कड तेवढी खरपूस भाजली. तरुणाची डावी भुवईही अर्धी गेली होती. डोळे मात्र... तेनिननं चोरून पाहिलं. लाल झालेले, पाण्यानं डबडबलेले, पण छान होते.

"नाव काय तुमचं?"

"लासिना. लासिना त्राओरे."

तेनिन खुदकन हसली. "त्राओरे! तरीच म्हटलं! मी जारा. तेनिन जारा."

त्याचा काळवंडलेला चेहरा एकदम उजळला. "अरे देवा! म्हणजे माझ्या आजोबांच्या गुलामांच्या गावात येऊन पडलो की मी!"

"गुलाम असेल तुझा आजा! चवळीखाऊ कुठला!"

आडनावं कळली आणि अहो-जाहो तिथंच गळून पडलं. त्राओरे आणि जारा भेटले की थट्टा ही व्हायचीच; बाजारात, कचेरीत, अगदी मयताच्या घरीसुद्धा. चवळीखाऊ म्हटलं तरी रागवायचं नाही, आणि एकानं काही मागितलं तर दुसऱ्यानं नाही म्हणायचं नाही, हा वाडवडिलांपासूनचा शिरस्ता. इतरांना ओळख व्हायला आठवडा लागतो, या दोघांना एक वाक्य पुरलं.

"पण तू करत काय होतास?"

"धूर पकडत होतो." त्यानं खांद्यावरच्या झोळीतून एक फुगलेली पिशवी काढून दाखवली. "नळीनं धूर पिशवीत ओढायचा, पिशवी डब्याला जोडायची, की आकडा येतो. धुरात मिथेन नावाचा वायू असतो. दिसत नाही, पण आभाळ तापवतो. रानातल्या आगींतून तो किती निघतो ते मोजायला बामाकोच्या कचेरीनं पाठवलंय मला."

तेनिननं गंभीर चेहरा करून सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे चवळी खाणारा माणूस वायू मोजायला एवढ्या लांब आला? घरीच मोजायचास की रे!"

तो इतका हसला की पिशवी हातातून सुटली, आणि मोठ्या कष्टानं पकडलेला धूर भुस्सकन उडून गेला.

लासिना उतरला तो तेनिनच्याच अंगणात. तिचे वडील झुमाना म्हणजे पंचक्रोशीतले जुने शिकारी. पाहुणा त्यांच्याकडेच यायचा. दिवसभर तेनिन कापूस वेचायला जायची आणि लासिना डबा घेऊन रानात. संध्याकाळी अंगणात बाजरीचा घाटा आणि भेंडीचं कालवण, मग चहाच्या तीन फेऱ्या. पहिली कडू, दुसरी बरी, तिसरी गोड... आणि तिसऱ्या फेरीला लासिनाचं ठरलेलं वाक्य.

"तेनिन, माझ्याशी लग्न कर."

"आधी चवळी सोड!"

"सोडली!"

"मग जगशील कशावर?"

अख्खं अंगण हसायचं. बा तर गुडघ्यावर थाप मारून हसायचे. तेनिनही हसायची, आणि हसून झालं की तिच्या छातीत काहीतरी उगाच धडधडत राहायचं. हा खरं बोलतोय, की...? कसं कळायचं? बाजारातला म्हातारा त्राओरे शिंपीदेखील दर शनिवारी तिला मागणी घालायचा! त्राओरेनं जाराला काहीही म्हटलं तरी ती थट्टाच. तिला मात्र आता ती थट्टा नको होती. खरंच नको होती.

नवव्या दिवशी कापूस वेचणं लवकर आटोपलं, झुमानांनी दुपारीच चहा मांडला, पण लासिना आलाच नाही. आंब्याखाली वही उघडून बसला होता. तेनिन त्याच्याजवळ गेली.

"काय रे? बामाकोची आठवण येतेय?"

"आकडा वाईट आलाय, तेनिन. फार जास्त. उद्या सकाळी मला निघायचंय, सोमवारी बैठक आहे. हा आकडा पाहिला की या भागात आग लावायला बंदी येणार."

तेनिनचं हसू मावळलं. तीन वर्षांपूर्वी गावानं अशी एक बंदी पाळली होती. एरवी मोसमाच्या सुरुवातीलाच जाळून टाकायचं गवत उभंच्या उभं वाळत राहिलं, मार्चमध्ये कुठून तरी ठिणगी पडली, आणि आईच्या मागे तिला मिळालेल्या, बियांतून लोणी देणाऱ्या शियाच्या एक्केचाळीस झाडांपैकी एकोणीस फुलोऱ्यासकट जळून गेली. त्या झाडांत तिला आई भेटायची. आता बावीस उरली होती.

"आकडा कमी लिही," ती म्हणाली. "जारा मागतेय. त्राओरेला नाही म्हणता येत नाही."

लासिनानं तिच्याकडे पाहिलं.

"नाही."

"काय?"

"दुसरं काहीही माग... जे नाही ते मी लिहिणार नाही."

असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. झुमानांच्या हातातली किटली अधांतरीच राहिली. तेनिनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं; रागानं तिनं त्याच्या मांडीवरची वही हिसकावली, भिरकावून द्यायला हात वर केला... आणि तो तसाच थांबला. उघड्या पानावर वेळा लिहिल्या होत्या. साडेबारा. एक. बारा. साडेबारा. पुढच्या रकान्यात वारा — मागून, मागून, मागून.

"हे काय? रोज भर दुपारी लावलीस? वाऱ्याच्या पाठीवर?"

"कागदावर तसंच नेमून दिलंय."

"अरे, मला वाटलं पहिल्या दिवशी तू चुकलास! आम्ही अशी आग लावतच नाही, चवळीखाऊ! ऊन कललं की लावतो, वाऱ्याच्या तोंडावर! तू नऊ दिवस मोजलास तो तुझाच धूर होता, आमचा नव्हे!"

लासिना ताडकन उठला. "मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस का?"

दोघांनी एकदमच आभाळाकडे पाहिलं. चार वाजले असतील. ऊन कलत होतं.

"रिकाम्या पिशव्या किती उरल्यात?"

"चार!"

"मग बस गाडीवर!"

भाजक्या सीटवर ती मागे बसली आणि गाडी खडखडत शियाच्या झाडांकडे सुटली. खड्डा आला की ती त्याचा सदरा घट्ट धरायची. खड्डा गेला तरी सोडायची नाही... त्यालाही ते कळत होतं, कारण मानेपर्यंत तो लाल झाला होता. ती लाली धुराची नव्हती.

तेनिननं मूठभर गवत पेटवलं, वारा गालावर घेतला आणि वाऱ्याच्या तोंडावर ओळीनं आग टेकवत गेली. आग घोट्याएवढीच राहिली. कोंबडी दाणे टिपत जावी तशी एकेक गवताचं पान मुळापर्यंत खात ती मागे मागे सरकू लागली. धूर विरळ, निळसर. लासिना काठी घेऊन तिच्यामागून चालला. पहिली पिशवी. दुसरी. तिसरी. चौथी! मग तो गुडघे टेकून डब्याशी बसला.

"सांग ना!"

"थांब..."

"लासिना!"

त्यानं चारही पिशव्या जोडून पाहिल्या, काढल्या, पुन्हा जोडल्या. मग वर पाहिलं तेव्हा त्याची ती अर्धी भुवईसुद्धा हसत होती.

"निम्म्याहून कमी! तेनिन, चारही वेळा निम्म्याहून कमी!"

तिनं किंचाळून टाळ्या पिटल्या, त्यानं काठी हवेत उडवली, ती त्याच्याच डोक्यात पडली आणि दोघं हसत सुटले.

"मग बंदी टळली?"

"चार पिशव्यांवर टळली असं नाही म्हणता येणार. पण आता घाईनं घालताही येणार नाही. पुन्हा मोजावं लागेल, तुमच्या पद्धतीनं. अख्खा मोसम." त्यानं डब्याचं झाकण लावलं. "म्हणजे मला परत यावं लागेल."

तेनिन पायानं राख उकरू लागली. "आणि आकडा जास्तच आला असता तर?"

"तर तोच लिहिला असता. आणि मग तुझ्याकडे पाहायची हिंमत झाली नसती."

तिच्या मनात लख्ख उजेड पडला. नाही म्हणायचं असेल तेव्हा नाहीच म्हणणारा माणूस होता हा!

"तेनिन," तो म्हणाला. "तुला एक विचारायचंय. पण त्राओरे म्हणून नाही. तो शिरस्ता घटकाभर बाजूला ठेव. तुला नाही म्हणता येईल, असंच विचारतोय... माझ्याशी लग्न करशील?"

त्यानं खिशातून पानांची ओली पुडी काढून उघडली. आत कोलाचे दाणे होते, मुलीला मागणी घालताना पाठवतात ते. तेनिननं मोजले. बरोबर दहा! मागणीचे दहा कोला! दहा कोला देऊन थट्टा कोणताच त्राओरे करत नाही.

"कधी घेतलेस?"

"गेल्या शनिवारी. रोज पाणी शिंपडून ताजे ठेवलेत."

शनिवारी! म्हणजे रोज तिसऱ्या चहाला तो जे म्हणत होता ते... तिकडे आग खडकाळ वाटेशी पोचून आपोआप विझत होती. बावीसच्या बावीस झाडं हिरवीगार उभी होती.

"मला नाही म्हणता येईल ना?"

"येईल."

"नक्की?"

"नक्की," तो कसंबसं म्हणाला, आणि त्याची मान खाली गेली.

"मग हो."

त्यानं झटकन मान वर केली. तेनिन हसत होती, रडत होती, दोन्ही एकदमच.

"पण हे माझ्या हातात कशाला देतोस, वेड्या? सकाळी निघायच्या आधी लोहाराच्या हातून माझ्या वडिलांकडे पाठव, मागणी तोच नेतो. आणि ऐक, त्यात एक जरी किडका निघाला तर जन्मभर चवळी खायला घालीन!"

"आणि नाही निघाला तर?"

तिनं त्याच्या अर्ध्या भुवईवरची राख बोटानं पुसली.

"तरी चवळीच. पण माझ्या हातची."