राखणदाराला शीव सांगायची राहिली

यातलं एक अक्षर वाढवलेलं नाही. सहलीतली बाकीची बारा माणसं मालवणात आहेत, जाऊन विचारा. फक्त विमलाकाकूंना विचारू नका. निदान तिन्हीसांजेला तरी नको.

१४ फेब्रुवारी २०२३. मंगळवार, दुपारचे दोन. जागा... जेरुसलेम.

मालवणच्या ख्रिस्ती मंडळींनी बायबलातली ठिकाणं पाहायची सहल काढली होती. दोन जागा उरल्या, म्हणून मिठबावचे गुरुदासकाका आणि विमलाकाकू त्यांच्यात सामील झाले. देव कुणाचाही असो, काकांना देवदर्शनाची भारी हौस.

काकूंना मात्र धास्ती होती.

काका विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग नावं. हल्ली तर कधी कधी घरची वाटही. काकूंनी हे कुणाला कळू दिलं नव्हतं. परमुलखात हा माणूस हरवला तर? सकाळपासून त्यांनी काकांची बाही सोडली नव्हती.

ऑलिव्हची बाग झाली. जुनं चर्च झालं. मग आला तो बोगदा.

वेढा पडला तरी शहराला पाणी मिळावं म्हणून हजारो वर्षांपूर्वी कुण्या राजाने खोदलेला. गुडघाभर पाणी. मिट्ट काळोख. एका वेळी एकच माणूस जाईल एवढी वाट. आत फाटा नाही की बाजूला व्हायला जागा नाही.

तोंडाशी काका थांबले. गावच्या देवळात तीस वर्षं सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारा माणूस तो. परक्या जागेत पाऊल टाकायचं आणि ती जागा राखणाऱ्या अदृश्य राखणदाराला विचारायचं नाही? त्यांनी हात जोडले.

"हे म्हाराजा! ह्या जाग्याच्या राखणदारा! ही लेकरा तुझ्या हद्दीत इली आसत. कोणाचो पाय घसरूक देव नको. सगळ्यांका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. फिलोमिनाबाईंनी आधी क्रूस केला, मग सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच.

काकूंना मात्र चूक कळली.

काका 'तुझ्या शिवेपर्यंत' म्हणायला विसरले होते. राखणदाराची सोबत त्याच्या शिवेपर्यंतच मागायची असते. पुढे न्यायचं नसतं त्याला. पण चारचौघांत चूक काढली तर काकांचं विसरणं उघडं पडलं असतं. काकूंनी काकांची बाही तेवढी आणखी घट्ट धरली.

तेवढ्यात बोगद्याच्या आतून... जरा उशिराने...

"व्हय म्हाराजा."

"आवाज घुमलो," सहलीचा मॅनेजर जितेंद्र हसला.

सगळे रांगेने आत शिरले. प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. काकू सर्वांत शेवटी. त्यांच्या पुढे काका, काकांच्या पुढे फिलोमिनाबाई.

वीसेक मिनिटं झाली असतील.

काकूंच्या खांद्यावर हात पडला.

ओला. गार...

काकू तर शेवटच्या होत्या.

त्या दचकल्या आणि त्यांचा स्वतःचा हात सुटला. पुन्हा पुढे केला, तर हाताला फिलोमिनाबाईंची पाठ लागली.

मध्ये काका नव्हते.

"ओ! खंय आसात?"

नुसता पाण्याचा आवाज. काकू रडायलाच लागल्या. मागच्या त्या हाताने त्यांना हळूच पुढे सरकवलं... अगदी उजेडापर्यंत.

बाहेर पायरीवर काका बसले होते. सगळ्यांच्या आधी. पॅन्ट कोरडी. आपल्याला ओलांडून कुणी गेलं नाही, असं बाराही जण आजही शपथेवर सांगतात.

"कोणी हाडल्यान तुमका?"

"राखणदारान. बरो माणूस गो."

गावी परतल्यावर काका रोज संध्याकाळी भरकटायला लागले. पण दिवे लागायच्या आत बिनचूक घरी. ओट्यावर त्यांच्या चपला कोरड्या. आणि त्यांच्या शेजारी... अनवाणी ओली पावलं.

काकू गावच्या बाबू गुरवाकडे गेल्या.

"शिवेभायर हाडलात तेका?" बाबूचा चेहराच उतरला. "नारळ तेच्याच जाग्यार देऊक व्हयो. तेका परत सोडूक व्हयो."

ऑक्टोबरात तिकडे युद्ध पेटलं. मग कोण जाणार? आणि खरं सांगायचं तर काकूंना घाईही नव्हती. तो गेला तर काकांना घरी आणणार कोण?

गेल्या महिन्यात काका सहलीचे बूट घालत बसलेले दिसले.

"खंय चाललात?"

"तेका घराची याद येता गो. त्यान माका पोचवल्यान. आता माका तेका पोचवूक व्हयो."

तेव्हापासून काकू संध्याकाळीच दाराला आतून कुलूप लावतात. किल्ली कमरेला.

सकाळी कुलूप जागच्या जागी असतं. काकाही अंथरुणात, गाढ झोपलेले.

पण त्यांची पॅन्ट ओली असते, त्या बोगद्यातून चालून आल्यासारखी.

पहिल्या दिवशी घोट्यापर्यंत होती. मग गुडघ्यापर्यंत.

काल कमरेपर्यंत...

आता तिन्हीसांजेला, कुलूप लावायच्या आधी, काकू एकट्याच ओट्यावर उभ्या राहून गाऱ्हाणं घालतात. "आज रातीक पण हेंका परत हाड रे म्हाराजा!"

आणि कान देऊन थांबतात.

अजून कुणी 'व्हय' म्हटलेलं नाही.